टीममध्ये वडिलांच्या वयाची माणसं असतात तेव्हा

जून-जुलै आला की भोसरी, चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी अशा सगळ्या एमआयडीसींमध्ये नवे डिप्लोमा आणि डिग्री ट्रेनी रुजू होतात. त्यातले चुणचुणीत असतात ते चार-पाच वर्षांत लाइनवर सुपरवायझर होतात. सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी त्यांच्या हाताखाली पन्नाशी ओलांडलेले ऑपरेटर येतात, सोबत विशीतली कंत्राटी मुलं असतात आणि वर असतात १९९५ च्या आसपास कामाला लागलेले प्लांट हेड. मशीन कसं चालवायचं हे त्यांना शिकवलेलं असतं. ही तीन वयांची माणसं एका लाइनवर कशी सांभाळायची, हे सहसा कुणी शिकवत नाही.

हा लेख त्या मुला-मुलींसाठी आहे. उदाहरणं बहुतेक कारखान्यातली आहेत, कारण माझं प्रशिक्षणाचं काम पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात चालतं. बँकेची शाखा, सरकारी कार्यालय किंवा हिंजवडीतली टीम सांभाळणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधीच सांगते, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. माणूस कोणत्या साली जन्मला यापेक्षा तो कोणत्या साली, कुणाच्या हाताखाली आणि कसल्या करारावर कामाला लागला, यावर त्याची काम करण्याची आणि करून घेण्याची पद्धत ठरते. वय डोळ्यांना दिसतं म्हणून आपण वयाला धरून बसतो.

पहिली पायरी: पिढ्यांची आयती नावं बाजूला ठेवा

बूमर, जेन एक्स, मिलेनियल, जेन झी ही नावं तुम्ही ट्रेनिंगच्या स्लाइडवर पाहिली असतील. ती अमेरिकेत तयार झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे जन्मदर वाढला, त्यावरून बूमर हा शब्द आला. आपल्याकडच्या कामगाराच्या आयुष्यात वळणं आली ती वेगळ्या सालांना. १९८२ च्या जानेवारीत मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरांवर त्याचा परिणाम झाला. १९९१ ला परवाना राज संपायला लागलं. २००८ ला मंदी आली, २०२० ला टाळेबंदी. साताऱ्याहून किंवा लातूरहून पुण्यात आलेल्या माणसाला समजून घ्यायचं तर ही सालं विचारायला हवीत.

खुद्द अमेरिकेतही या नावांवर अभ्यासकांचा फारसा भरवसा उरलेला नाही. तिथल्या नॅशनल अकॅडमीज या संस्थेच्या समितीनं २०२० मध्ये या विषयावरचं संशोधन तपासून सांगितलं, की पिढीच्या लेबलावरून कर्मचाऱ्यांबाबत निर्णय घेण्याला पुरेसा आधार मिळत नाही. आणि कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञानं तर १९२८ मध्येच मांडलं होतं, की एका काळात जन्म घेतल्यानं पिढी होत नाही. तरुणपणी एकच ऐतिहासिक अनुभव सोसल्यानं होते.

म्हणून पहिल्या आठवड्यात एक वही करा. प्रत्येक माणसाला एक पान द्या आणि त्यावर पाच गोष्टी लिहा: कामाला कधी लागला, पहिली नोकरी कुठे, पहिला साहेब किंवा फोरमन कसा होता, आज कायम आहे की कंत्राटी, आणि नोकरी जाईल अशी भीती त्याला कधी वाटली होती. एचआरकडून तारखा मिळतील. बाकीचं चहाच्या वेळी हळूहळू कळतं, एका दिवसात उकरायला जाऊ नका. वही घरी ठेवा, टेबलावर पडू देऊ नका. तिच्यात माणसांची मतं लिहू नका, फक्त हकीकत लिहा.

दुसरी पायरी: कोण कुठल्या शाळेत शिकला ते ओळखा

शाळा म्हणजे पहिल्या सात-आठ वर्षांची नोकरी. माणूस पुढे स्वतः साहेब झाला की त्याच शाळेतला धडा गिरवतो. सध्या आपल्या कारखान्यांत साधारण चार शाळांमधली माणसं एकत्र आहेत.

१९९१ च्या आधी लागलेले आता निवृत्तीच्या दारात आहेत. १९८८ मध्ये विसाव्या वर्षी लागलेला माणूस यंदा-पुढच्या वर्षी अठ्ठावन्न पूर्ण करतोय. हे लोक फोरमनच्या शब्दावर चालणाऱ्या शॉपमध्ये शिकले. ऑर्डर तोंडी यायची, चूक झाली तर सगळ्यांदेखत झापलं जायचं, आणि पगारवाढ ठरायची ती युनियन आणि मॅनेजमेंटच्या करारात, दर तीन-साडेतीन वर्षांनी. त्यामुळे एकट्यानं जाऊन साहेबाकडे काही मागणं त्यांना रुचत नाही. ते चौघांना घेऊन येतात. नव्या सुपरवायझरला ही दादागिरी वाटते. त्यांच्या लेखी ती रीत आहे. यांची ताकद मोठी आहे: मशीनची नाडी कळते, भांडण कुठे पेटणार ते आधी कळतं, तडजोड करता येते. उणीव ही, की माहिती डोक्यात राहते, कागदावर येत नाही.

१९९१ ते २००५ च्या दरम्यान लागलेले आज तुमचे एचओडी (विभागप्रमुख) आणि प्लांट हेड आहेत. यांनी शेजारच्या टेबलावरच्या माणसाला व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊन घरी जाताना पाहिलं. मारुतीची पहिली गाडी १९८३ च्या डिसेंबरात आली आणि तिच्यासोबत सगळ्यांना एकच गणवेश, एकच कँटीन, सकाळची कवायत अशी जपानी पद्धत आली. ती पुरवठादारांमार्फत पुण्या-नाशिकच्या छोट्या वर्कशॉपपर्यंत पोचली तेव्हा हे लोक ज्युनियर इंजिनियर होते. फाइव्ह एस (जागा नीटनेटकी ठेवण्याची पद्धत), कायझेन (रोजच्या छोट्या सुधारणा), आयएसओची (दर्जाच्या प्रमाणपत्राची) ऑडिट्स यांनी रात्र-रात्र जागून उभी केली. आकड्यावर यांची पकड घट्ट असते, संकटात हे डगमगत नाहीत. पण उशिरापर्यंत थांबणारा तो निष्ठावान, हे गणितही याच काळातलं आहे. रात्री साडेदहाला रिजेक्शनचा आकडा विचारणारा फोन येतो तो यांचाच.

२००५ ते २०१६ मधले तुमचे थेट वरिष्ठ असतील. २००९-१० मध्ये चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा यांचे कारखाने सुरू झाले, हिंजवडी भरत गेली, त्या काळात हे नोकरीला लागले. ईमेल, प्रोसेस, वार्षिक अप्रेझल यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. यांना दोन्ही बाजूंची भाषा येते, म्हणून दोन्हीकडची बोलणी यांनाच खावी लागतात. नव्या माणसाला सगळ्यात जास्त मदत यांच्याकडून मिळते; मागायला संकोच करू नका.

त्यानंतरची मुलं म्हणजे तुम्ही आणि तुमच्याहून लहान. स्वस्त डेटा २०१६ मध्ये आला, त्याच वर्षी राष्ट्रीय अप्रेंटिसशिप योजनाही आली. ही मुलं व्हिडिओ बघून फॅनक कंट्रोलरवर चालणाऱ्या मशीनचा अलार्म कोड सोडवतात, 'हे असंच का?' असं थेट विचारतात, शेजारच्या कंपनीत किती पगार आहे ते त्यांना फोनवर कळलेलं असतं. समोरासमोरचा वाद मात्र टाळतात. नाराज झाली तर भांडत नाहीत, एक दिवस येत नाहीत आणि मग कधीच येत नाहीत.

या चारही शाळांमध्ये अपवाद भरपूर सापडतात. मोबाइलवर अख्खा मेंटेनन्स प्लॅन ठेवणारे सत्तावन्न वर्षांचे फिटर आणि वहीत सुवाच्य अक्षरात नोंदी करणारी तेवीस वर्षांची अप्रेंटिस, दोन्ही मला भेटले आहेत. ही वर्णनं पहिला अंदाज बांधण्यापुरती वापरा आणि माणूस कळला की सोडून द्या.

तिसरी पायरी: करार आणि वय यांची गल्लत करू नका

या पायरीवर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त अन्याय इथे होतो.

'आजकालची पोरं टिकत नाहीत' हे वाक्य तुम्ही पहिल्याच महिन्यात ऐकाल. ऐकलं की एक प्रश्न स्वतःला विचारा: या पोराला टिकण्यासाठी आपण काय देऊ केलंय? औद्योगिक विवाद कायद्यात २४० दिवसांच्या सलग सेवेला महत्त्व होतं, म्हणून त्याआधीच, सात-सात महिन्यांवर, ब्रेक द्यायची पद्धत आपल्याकडे पडली. ज्याला आठव्या महिन्यात आपण इथे असू की नाही हे माहीत नाही, त्यानं कारखान्याला आपलं मानावं अशी अपेक्षा कशी करायची? आणि शेजारच्या मशीनवरचे काका अठ्ठावीस वर्षं एका जागी राहिले त्यात त्यांच्या स्वभावाचा वाटा असेलच, पण त्यांना कायम केलं होतं, भविष्य निर्वाह निधी होता, ग्रॅच्युइटी होती, मुलाच्या शिक्षणाला सोसायटीचं कर्ज होतं. टिकण्याची कारणं होती.

सरकारी कार्यालयात हे आणखी स्पष्ट दिसतं. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन लागू झाली नाही. ऑक्टोबरात लागलेला लिपिक आणि डिसेंबरात लागलेला लिपिक एकाच वयाचे, कदाचित एकाच वर्गात शिकलेले; पण निवृत्तीकडे दोघं अगदी वेगळ्या डोळ्यांनी पाहतात. २०२३ च्या मार्चमध्ये राज्य कर्मचाऱ्यांचा संप झाला तो याच प्रश्नावर. अशा दोघांत पिढीचा फरक शोधत बसलात तर मूळ दुखणं हातातून सुटेल.

तेव्हा कुणी नीट काम करत नाही असं वाटलं, की वहीतलं पान उघडा आणि आधी करार बघा. मग पाळी, बसचा मार्ग, घरापासूनचं अंतर बघा. मग त्याला ते काम खरोखर कुणी शिकवलं होतं का, ते बघा. वय सगळ्यात शेवटी. बहुतेक वेळा तिथपर्यंत जायची वेळच येत नाही.

सुपरवायझरच्या हातात कुणाला कायम करणं नसतं, हे मला माहीत आहे. पण ब्रेकनंतर परत घ्यायच्या मुलांची नावं कंत्राटदाराला वेळेवर कळवणं, हजेरीतली चूक पगाराआधी दुरुस्त करून घेणं, ओव्हरटाइमची नोंद तपासणं हे हातात असतं. एवढं नियमित केलंत तरी मुलं तुमच्याकडे राहायला बघतात.

चौथी पायरी: हाक कशी मारायची ते पहिल्या दिवशी ठरवा

छोटी वाटते, पण इथे घसरलात तर महिनाभर सावरत नाही. साधा नियम: कामाच्या जागी सगळ्यांना 'तुम्ही'. पंचावन्न वर्षांच्या ऑपरेटरला अहो-जाहो आणि बावीस वर्षांच्या कंत्राटी मुलाला 'ए, इकडे ये' असं केलंत, तर त्या मुलाला आपली जागा लगेच कळते.

वडिलधाऱ्यांना काका म्हणायचं का? जेवणाच्या सुट्टीत, घरची चौकशी करताना, जरूर म्हणा. लाइनवर काम सांगताना नावापुढे 'राव' किंवा 'भाऊ' लावणं बरं पडतं. सतत काका-काका केलं की काही जण तुम्हाला पुतण्याच समजायला लागतात, आणि मग टारगेट चुकल्याचं बोलणं दोघांनाही जड जातं.

सुपरवायझर मुलगी असेल तर अडचण वेगळी. 'बाळा', 'पोरी' अशा हाका येतात, बऱ्याचदा खऱ्या मायेनं. आवडत नसेल तर पहिल्याच आठवड्यात, एकटं गाठून, शांतपणे सांगावं: 'काका, तुमची माया मला कळते. पण लाइनवर मला मॅडम किंवा नावानं हाक मारा, नाहीतर बाकीचे माझं ऐकणार नाहीत.' यात काका तुमच्या बाजूला येतात. अशी विनंती धुडकावणारा माणूस मी क्वचितच पाहिला आहे.

पाचवी पायरी: सगळ्यात जुन्या माणसाबरोबर एक पाळी काढा

रुजू झाल्यावर लगेच काही बदलू नका. आधी लाइनवरच्या सगळ्यात अनुभवी माणसाला सांगा, 'उद्या फर्स्ट शिफ्टला मी तुमच्या शेजारी उभा राहणार, मला दाखवा.' आणि खरंच उभे राहा, हातात लॅपटॉप न घेता.

काय बघायचं त्याचं एक उदाहरण देते. सीएनसी टर्निंग सेंटरवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर, एकच जॉब (सुटा भाग) दिवसभर चालू आहे, स्पीड-फीड (फिरण्याचा आणि कापण्याचा वेग) तेच. जुना टर्नर मध्येच वाकून ट्रेमधली चिप, म्हणजे कापून निघालेला धातूचा कीस, उचलतो. सकाळपासून येणारी पिवळसर चिप आता निळसर झाली आहे आणि तिची वेटोळी आधीसारखी तुटत नाहीत, लांबत चालली आहेत. तो म्हणतो, 'इन्सर्ट फिरवा', म्हणजे कापणाऱ्या पात्याची नवी धार पुढे आणा. अजून मापात फरक पडलेला नाही, गेज अजून 'गो'च दाखवतोय. शेजारची डिप्लोमा झालेली मुलगी स्क्रीनवर बोट ठेवून सांगते, की स्पिंडल लोड (जॉब फिरवणाऱ्या दांड्यावरचा भार) सकाळपेक्षा चढलाय. दोघांना एकच गोष्ट कळली आहे. एकानं ती रंगावरून ओळखली, दुसरीनं आकड्यावरून. मात्र त्याचं ज्ञान त्याच्याबरोबर घरी जातं आणि तिचं ज्ञान दुसऱ्या मशीनवर, जिथे लोड मीटर नीट चालत नाही, तिथे कामाला येत नाही.

सुपरवायझर म्हणून तुमचं काम या क्षणी सुरू होतं. दोघांना एकत्र बसवा आणि अर्ध्या पानाचा वन पॉइंट लेसन तयार करा: नव्या इन्सर्टची चिप, बदलायला आलेल्या इन्सर्टची चिप, दोन्हींचे फोटो, खाली दोन्ही वेळचा लोड. कागदाच्या तळाशी दोघांचीही नावं टाका. नाव टाकणं विसरू नका. तीस वर्षं कारखान्यात घालवूनही स्वतःचं नाव पंच कार्डाशिवाय कुठल्याही कागदावर न पाहिलेली माणसं आहेत. तो कागद मशीनवर लागला, की पुढचा धडा तेच आपणहून घेऊन येतात.

विचारताना 'असं का करता?' हा प्रश्न टाळा, त्यात चौकशीचा वास येतो. 'हे तुम्हाला कसं कळलं?' असं विचारा.

सहावी पायरी: काम सांगणं, चूक दाखवणं, कौतुक करणं

काम सांगताना दोन्ही वाटा वापरा. पाळी सुरू होताना पाच मिनिटं उभ्यानं सगळ्यांना तोंडी सांगा, आणि तेच बोर्डवर लिहा. जुन्यांना आवाजातून येणारी सूचना खरी वाटते, नव्यांना लिहिलेली. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आठवणीपुरता ठेवा. तिथे पाळी बदलल्याचा आदेश टाकलात आणि काकांनी तो पाहिलाच नाही, तर चूक तुमची धरली जाईल आणि तसं धरणं योग्यच आहे.

चूक दाखवायची ती कायम एकट्याला गाठून. जुने लोक सगळ्यांदेखत ओरडा खाऊन मोठे झाले म्हणून त्यांना ते चालतं, असा समज आहे. आता स्वतःहून निम्म्या वयाच्या माणसाकडून ते अजिबात चालत नाही. शब्द असे असू द्यात: 'भाऊ, काल तिसऱ्या तासाला अकरा जॉब ओव्हरसाइज गेले. तुमच्या हातून असं होत नाही. काय झालं होतं?' आकडा, विश्वास, प्रश्न. तरुण मुलाशी बोलताना आकडा तोच, पण पुढे काय करायचं तेही सांगा: 'दर वीस जॉबनंतर मोजा आणि शीटवर लिहा, मी जेवणाच्या आधी येऊन बघतो.' अनुभवी माणसाला उपाय सांगितलेला अपमान वाटतो, आणि नव्याला उपाय न सांगता सोडलं तर तो गोंधळतो. हा फरक मात्र वयाचाच आहे, किंवा नेमकं बोलायचं तर अनुभवाचा.

कौतुक करताना जुन्यांचं प्लांट हेडसमोर करा. लाइन राउंडला साहेब आले की सांगा, 'ही फिक्स्चरची कल्पना यांची.' तरुणांचं कौतुक ताबडतोब करा आणि नेमकं करा. 'छान' एवढ्यानं त्यांना काही कळत नाही. 'सेटिंगचा वेळ चाळीस मिनिटांवरून पंचवीसवर आणलास' यानं कळतं. एखाद्याशी तेवढी जवळीक झाली असेल तर कौतुकाच्या वेळी 'तू' चालतं. रागवताना कधीच नाही.

सातवी पायरी: वरच्या साहेबांना सांभाळणं

हाताखालच्यांपेक्षा वरच्यांची धास्ती नव्या सुपरवायझरला जास्त असते. नव्वदीत घडलेल्या साहेबांना अडचण ईमेलवर वाचायला आवडत नाही. केबिनमध्ये जा, उभ्याउभ्या तीन वाक्यांत सांगा: काय झालं, किती नुकसान, तुम्ही काय केलंत. मग ईमेल टाका. एका पानाची प्रिंट हातात असली तर उत्तम, कारण ते त्यावर पेननं खुणा करत विचार करतात.

वेळेवर घरी जायचं असेल तर जाण्याआधी त्यांच्यापर्यंत पाळीचा हिशोब पोचवा: प्लॅन, प्रत्यक्ष, रिजेक्शन, मशीन बंद असल्याची मिनिटं, पुढच्या पाळीला दिलेला निरोप. रात्रीच्या फोनमागे बहुतेक वेळा एकच काळजी असते, सकाळी कस्टमरला काय उत्तर द्यायचं. ती काळजी सहा वाजताच मिटवली की फोन कमी होतात. तरीही येत राहिले तर स्पष्ट बोला: 'सर, लाइन बंद पडली तर मध्यरात्रीही उचलेन. आकडे सकाळी सातला ग्रुपवर असतील.' असं बोलणारा मुलगा उद्धट वाटेल अशी भीती असते. काम चोख असेल तर वाटत नाही.

आठवी पायरी: रजेचं वेळापत्रक आणि सणवार

कोकणातली माणसं गणपतीला जाणारच. आषाढी वारीत काही जण पालखीबरोबर चालतात, निदान आळंदी किंवा देहूपासून पुण्यापर्यंत तरी. तरुण मुलांना स्पर्धा परीक्षेसाठी, डिग्रीच्या पेपरसाठी रजा हवी असते. एकाची श्रद्धा आणि दुसऱ्याची परीक्षा यांत उजवं-डावं ठरवायला बसू नका. दोन महिने आधी कॅलेंडर भिंतीवर लावा, ज्याला त्याला आपली नावं लिहू द्या, जिथे गर्दी होईल तिथे त्यांनाच आपसात ठरवू द्या. वारीला जाणाऱ्याची पाळी परीक्षावाल्या मुलानं सांभाळायची आणि पेपरच्या दिवशी वारकऱ्यानं फेड करायची, असे करार माणसं फार प्रामाणिकपणे पाळतात.

खंडेनवमीची किंवा दसऱ्याची यंत्रपूजा मात्र जुन्यांच्या हाती सोपवा. त्या दिवशी मशीन घासूनपुसून लख्ख करतात तेव्हा सैल बोल्ट, गळणारं ऑइल सील, फाटलेला बेलो सगळं उघड्यावर येतं. नव्या मुलांना त्यांच्या जोडीला द्या आणि दिसलेल्या दोषांची यादी करायला लावा.

नववी पायरी: शिकवण्याच्या जोड्या लावा, पण दोन्ही बाजूंनी

जनरल इलेक्ट्रिकचे तेव्हाचे प्रमुख जॅक वेल्च यांनी १९९९ मध्ये आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना तरुण सहकाऱ्यांकडून इंटरनेट शिकायला बसवलं. ती कल्पना आता सगळीकडे पसरली आहे आणि आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ती बिघडलीही आहे. होतं असं, की तरुण मुलगा काकांचं सगळं टॅबलेटवरचं काम स्वतःच करून टाकतो आणि काका काहीच शिकत नाहीत. म्हणून नियम करा: शिकवताना टॅबलेट शिकणाऱ्याच्याच हातात राहील. त्याच आठवड्यात उलटा तास झालाच पाहिजे, ज्यात काका शिकवतील आणि स्पॅनर मुलाच्या हातात राहील. वेळ पाळीच्या आत द्या, पाळी संपल्यावर नव्हे. जोडी लावताना दोघांचं पटत नाही असं दिसलं तर बदला, ताणू नका.

दहावी पायरी: जे पद्धतीच्या नावाखाली खपवायचं नाही

काही गोष्टींना पिढीचा फरक म्हणून सूट देऊ नका. शिवीगाळ ही जुनी पद्धत असेल, तरी ती बंद. बायकांवर शेरे मारणं हाही कुणाचा स्वभाव म्हणून चालणार नाही. कामाच्या ठिकाणी होणारा लैंगिक छळ रोखण्याच्या २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक केली आहे. तिच्या अध्यक्षांचं नाव आणि नंबर तुमच्या बोर्डवर लावा. पॉवर प्रेसचं दोन हातांचं बटण एका बाजूनं बांधून ठेवणं किंवा दरवाजाचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय) बायपास करणं, यात जुना 'आम्ही असंच करत आलो' म्हणतो आणि नवा 'सायकल टाइम वाचतो' म्हणतो. दोघांनाही एकच उत्तर द्या आणि मशीन त्याच क्षणी बंद करा. उत्पादन गेलं तर हिशोब तुम्ही द्या, त्यांना द्यायला लावू नका.

अकरावी पायरी: निवृत्तीच्या यादीवर आजच काम सुरू करा

२०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली तेव्हा सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. सही बघून खातेदार ओळखणारी, कर्ज कुठे बुडेल ते सांगू शकणारी माणसं त्यांत होती, आणि तो अनुभव कुठल्याही रजिस्टरमध्ये नव्हता. कारखान्यांत तीच गोष्ट आता, थोडी हळू, घडते आहे.

येत्या दोन वर्षांत आपल्या लाइनवरून कोण निवृत्त होणार याची यादी एचआरकडून घ्या. प्रत्येकाच्या नावापुढे लिहा: याच्याशिवाय कुणालाच येत नाही असं काम कोणतं? उत्तर त्याच्या सहकाऱ्यांना विचारा, तो स्वतः संकोचानं सांगणार नाही. मग एका कामासाठी एक शिकाऊ नेमा आणि स्किल मॅट्रिक्समध्ये, म्हणजे कुणाला कोणतं काम येतं त्या तक्त्यात, चौकोन भरायच्या आधी त्याच्याकडून ते काम प्रत्यक्ष करून घ्या, शेजारी जाणकार उभा असताना. जुन्या मशीनचे सुटे भाग कुठून मिळतात, कुठला पुरवठादार अडल्या वेळी धावून येतो, ट्रान्सफॉर्मरशेजारच्या त्या बंद पॅनेलमध्ये काय आहे, अशा गोष्टीही या यादीत घाला. त्या कुठल्याच एसओपीमध्ये (कामाच्या लेखी पद्धतीत) नसतात.

निरोप समारंभाची शाल-श्रीफळ कंपनी देईलच. तुम्ही त्या माणसाचा नंबर घेऊन ठेवा आणि त्याला विचारा, अडलं तर फोन केला तर चालेल का. फोनवरच्या दोन प्रश्नांना तो आनंदानं उत्तर देईल. पण मशीनसाठी त्याला पुन्हा गेटच्या आत बोलवायची वेळ आली, तर आधी एचआरकडून दिवसाचा मोबदला आणि जाण्यायेण्याचा खर्च मंजूर करून घ्या, मगच बोलवा.